जोडीताई आणि राजे

आमच्या इमारतीत तिला सगळे जोडीताई म्हणत. हे नाव तिला कामावरच्या लोकांनी दिलं होतं आणि ते तिच्या मागोमाग घरापर्यंत आलं. बायकांच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात प्रयोगशाळा होती, तिथे ती नोकरीला होती. गर्भात काही दोष असल्याची शंका आली, की बाईच्या पोटातलं थोडं पाणी सुईने काढून खाली पाठवत. त्यातल्या पेशी उबदार पेटीत वाढवायच्या, काचेवर घेऊन रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकातून त्यांचा फोटो काढायचा. फोटोत गुणसूत्रं विखुरलेली दिसत, शिवणाऱ्या बाईच्या पायाशी पडलेल्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखी. मग जोडीताईचं काम सुरू होई. लहान कात्रीने एकेक तुकडा कापायचा, त्याच्यासारखा दुसरा शोधायचा, दोघांना कार्डावर शेजारी शेजारी चिकटवायचं. सगळ्यांच्या जोड्या लागल्या, की कार्ड डॉक्टरांच्या टेबलावर जाई. एखाद्या कार्डावर एक तुकडा उरे. तेही कार्ड त्याच टेबलावर जाई.

"साऱ्या जगाच्या जोड्या लावतेस, स्वतःची तेवढी राहिली," असं तिथला फोटो धुणारा म्हातारा तिला येता-जाता म्हणे.

"माझ्या मापाचा तुम्ही अजून धुतलाच नाहीत," ती कात्री न थांबवता सांगे.

तिने लग्न केलं नाही ते राजेंमुळे, असं इमारतीत बोललं जाई. तिने स्वतः तसं कधी म्हटलं नाही. राजे म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तिच्या कार्डांवर कधीकधी जो एक तुकडा जास्तीचा निघे, तोच राजेंमध्ये जन्मापासून होता. गोल चेहरा, बारीक तिरपे डोळे, आखूड बोटं, आणि बोलणं असं की नव्या माणसाला दोनदा विचारावं लागे. वडील लाडाने 'राजे' म्हणत, म्हणून आम्हीही तसंच म्हणत होतो, आणि तेही अहो-जाहो करून. आईवडील गेले तसे राजे बहिणीच्या घरी राहायला आले.

आमच्या इमारतीची लिफ्ट जुनी होती, जाळीच्या दाराची. राजेंनी ती आपणहून ताब्यात घेतली. सकाळी अंघोळ करून, केस पाण्याने चापून ते लिफ्टमधल्या स्टुलावर येऊन बसत. कोण कुठल्या मजल्यावर राहतं, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाचा दुसऱ्या मजल्यावरच्यांशी अबोला आहे आणि त्यांना एकत्र न्यायचं नाही, हे सगळं त्यांना ठाऊक असे.

"चौथा. या वहिनी. पिशवी जड आहे?" ते मला विचारत.

"जड आहे हो, राजे."

"मग भाडं डबल."

आणि स्वतःच्याच विनोदावर ते तिसरा मजला येईपर्यंत हसत.

प्रयोगशाळेत नव्याने लागलेल्या एका मुलीने जोडीताईला एकदा विचारलं होतं, "ताई, तुमच्या घरी तसा भाऊ आहे. मग इथे तसं कार्ड आलं की तुम्हाला काही वाटत नाही?"

"इथे फोटो असतो," जोडीताई म्हणाली. "फोटो लिफ्ट चालवत नाही."

पण त्या कामाची एक शिस्त तिच्या हाडात भिनली होती, आणि पुढे जे झालं त्याला तीच कारण झाली असं मला वाटतं. बाटलीवर नाव नसे, नंबर असे. ओळखीच्या माणसाचा नमुना आला तर तो दुसऱ्याच्या टेबलावर द्यायचा. वर एखादी बाई जिन्यात अडवून रडत विचारू लागली, "तुम्हीच सांगा, काय करू?" तर म्हणायचं, "ते डॉक्टरांशी बोला." तोंडातून 'हो'ही काढायचं नाही आणि 'नको'ही नाही, चेहऱ्यावरही काही दिसू द्यायचं नाही. ती म्हणे, "आमचं एक वाक्य त्यांच्या आयुष्याला पुरतं, वहिनी. म्हणून बोलायचंच नाही." इतक्या वर्षांच्या सवयीने घरातसुद्धा ती महत्त्वाचं काही असलं की गप्प होई.

घरात आणखी एक जण होती, तिची लाडकी भाची. मोठ्या भावाची बदलीची नोकरी, दर दोन वर्षांनी नवं गाव. मुलीची शाळा बुडू नये म्हणून त्यांनी तिला आत्याकडे ठेवलं. राजे तिला चिमी म्हणत. शाळेतून आली की ती लिफ्टमध्येच खाली बसून गृहपाठ करी आणि काका दार उघडायला उठले की पाय आखडून घेई. शाळेतल्या पोरांनी काकाची नक्कल केली म्हणून एकीच्या वेण्या ओढून आली होती. त्या दिवशी आत्याने तिला रागावायचं म्हणून बोलावलं आणि रागावली नाही.

चिमी मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला लागली, तिथल्याच मालकाच्या भाच्याशी तिचं लग्न झालं. तो काच घासायच्या मशिनवर बसे. मितभाषी, चांगला मुलगा. दोघांनी दुकानाच्या मागच्या गल्लीत भाड्याने तळमजल्याचं घर घेतलं.

तिला दिवस राहिले तेव्हा जोडीताईच्या निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. कात्री कधीच गेली होती. आता जोड्या संगणकाच्या पडद्यावर लावत. चिमीच्या सोनोग्राफीत डॉक्टरांना बाळाच्या मानेमागची सूज नेहमीपेक्षा जाड वाटली. त्यांनी पाण्याची तपासणी सांगितली. ती तिने दुसऱ्या हॉस्पिटलात करून घेतली. "तुझ्या टेबलावर नको, आत्या," एवढंच ती म्हणाली. जोडीताईला ते पटलं. तिनेही तेच केलं असतं.

निकाल आल्यावर नवरा-बायको दोघं आत्याकडे आले. पुढचं मला जोडीताईनेच दुसऱ्या दिवशी सांगितलं. बाळाला काकासारखंच होतं. शिवाय हृदयातला पडदा नीट झाला नव्हता. जन्मल्यावर मोठी शस्त्रक्रिया लागली असती. ती बहुतेक मुलांना तारून नेते, पण बहुतेक म्हणजे सगळ्यांना नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. काय दिसतंय ते आम्ही सांगणार, काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा, फक्त फार लांबवू नका, जितका उशीर तितका तुम्हाला त्रास, असंही ते म्हणाले.

"आणि तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काय म्हणणार? चहा केला."

"अगं, पोर तुझ्याकडे आली होती."

"म्हणूनच. मी 'ठेव' म्हटलं तर ती ठेवेल आणि 'नको' म्हटलं तर मला घरात राजेच्या समोर बसायचंय." तिने ओट्यावर फडका फिरवला. "जावईसुद्धा काही बोलला नाही. राजे मधे येऊन दोनदा विचारून गेला, चिमी जेवून जाणार का म्हणून."

जोडीताईच्या डोक्यात त्या रात्रीपासून एक विचार बसला. आपल्यानंतर राजे चिमीकडे जाणार, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मोठ्या भावाने हात वर केले होते. त्याच्या बायकोला ते झेपणारं नव्हतं. तेव्हा चिमी आत्ता जे ठरवेल ते मोकळेपणाने ठरवणार नाही, असं आत्याने धरून चाललं. एक माणूस आधीच वाट्याला आलेला असताना तिने दुसरं कसं निवडायचं? बाळ ठेवायचं तिच्या मनात असेलही, पण काकाच्या ओझ्यापायी ते पोर जाईल. राजेमुळे राजेसारखंच दुसरं जाईल. हा विचार तिला सहन होत नव्हता. आणि चिमीला सरळ विचारणं म्हणजे पारड्यात बोट घालणं. म्हणून तिने विचारलं नाही.

शहराबाहेर राजेंसारख्या मोठ्या माणसांसाठी एक निवासी संस्था होती. आईवडील असतानाच तिथे राजेंचं नाव घातलेलं होतं, आणि जागा निघाली तरी दरवेळी ती "सध्या नको" म्हणत आली होती. त्या आठवड्यात तिने स्वतःच फोन केला. जागा होती. मला म्हणाली, "वहिनी, बरोबर याल? मला एकटीला परत यायला जमणार नाही."

"चिमीला सांगितलंस?"

"सांगेन. तो तिथे रुळला की."

मला ते बरोबर वाटलं नाही आणि मी तसं बोललेही. पण तिने बॅग भरून दाराशी ठेवली होती. राजेंना सांगितलं होतं, थोडे दिवस सहलीला जायचंय. ते नवा शर्ट घालून तयार होते आणि खाली जाताना त्यांनी लिफ्ट स्वतःच चालवली.

संस्था वाईट नव्हती. बैठी, स्वच्छ घरं, मागे भाजीचे वाफे, एका खोलीत मेणबत्त्या करायचं काम. व्यवस्थापक बाई प्रेमळ होत्या. राजेंच्या खोलीत खिडकीखाली पलंग होता, शेजारच्या पलंगावर एक टक्कल पडलेला गृहस्थ रेडिओ मांडीवर घेऊन बसला होता. राजेंनी त्याला विचारलं, "तुम्ही कितवा?" त्याने रेडिओचा आवाज वाढवला.

"इथे मजले किती?" राजेंनी व्यवस्थापक बाईंना विचारलं.

"एकच. सगळं खालीच आहे. दगदग नाही."

"लिफ्ट?"

"लिफ्ट लागतच नाही."

राजेंनी बहिणीकडे बघितलं. "मग मी काय करू?"

तिने त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. ते आधीच लावलेलं होतं, म्हणून तिने ते काढून परत लावलं. "बाई सांगतील तुला काम," ती म्हणाली. "मी येते."

परतताना टॅक्सीत ती ड्रायव्हरला रस्ता सांगत राहिली. "आता डावीकडे. आता सरळ." त्याला रस्ता माहीत होता. तो बिचारा "हो ताई, हो ताई" करत होता.

दोन दिवसांनी चिमी दुपारी आली. जोडीताई माझ्याकडेच बसली होती, म्हणून ती आमच्या दारात आली. लिफ्ट स्वतः चालवत आल्यामुळे तिला आधीच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं.

"काका कुठाय? बरं नाही का त्याला?"

जोडीताईने तिला बसायला सांगितलं आणि मग जे सांगायचं होतं ते एका दमात सांगितलं. संस्था, जागा, खोली, खिडकी. आणि शेवटी: "आता तुझ्यावर कुणी नाही, बाळा. माझ्यानंतरही नाही. आता तू आणि जावई काय ते मोकळेपणाने ठरवा. बाळ ठेवायचं असेल तर राजेची काळजी नको."

चिमी पर्स मांडीवर धरून बसली होती. ती खूप हळू बोलली.

"परवा सकाळी माझी तारीख आहे, आत्या. तेच सांगायला आले होते."

"तारीख कसली?"

"कसली म्हणजे? आम्ही ठरवलं. डॉक्टरांना हो सांगून आलो."

जोडीताईने तिच्या मांडीवरच्या पर्सकडे बघितलं.

"तुला वाटलं काकामुळे?" चिमी म्हणाली. "तुला वाटलं काका आहे म्हणून मी हे करतेय?"

"तसं वाटणारच ना गं."

"मग विचारायचंस. समोर बसले होते मी. तू चहा करत होतीस." तिचा आवाज चढला नाही. "काका माझ्याकडे येणार हे मी यांना लग्नाच्या आधी सांगितलं होतं. हे म्हणाले होते, खालचंच घर घेऊ, त्याला जिने नकोत. म्हणून तळमजला घेतला आम्ही, त्या ओल आलेल्या भिंतींसकट. तुला काय वाटलं, भाडं कमी होतं म्हणून?"

"चिमे—"

"मला माहीत आहे काय असतं ते. काकाला छातीचं दुखणं झालं तेव्हा तू किती दिवस त्याच्या उशाशी खुर्चीत झोपलीस ते मी बघितलंय. तुला बघायला आलेला तो मास्तर, काकाने त्याच्या कपात बिस्कीट बुडवलं म्हणून उठून गेला, तेही बघितलंय. एवढ्याशा पोराच्या छातीला चिरा पडायच्या, आणि तो राहील की नाही याची वाट बघायची. ते माझ्याच्याने होणार नाही. मी करू शकत नाही. हे मी काकावर का ढकलू? त्याचं काय देणंघेणं याच्याशी?"

"मी तुझ्यासाठीच—"

"माझ्यासाठी तू माझा काका नेऊन टाकलास," चिमी म्हणाली. "आता माझ्याकडे दोघंही नाहीत."

मी आत जाऊन पाणी आणलं. कुणी प्यायलं नाही. जाताना चिमीने जिना घेतला.

तरी हॉस्पिटलात तिने आत्याला बोलावून घेतलं. जावई बाहेर बाकावर बसला होता. त्याला आत बसवेना. प्रसूतीच्या वॉर्डाच्या टोकाला एक खोली होती, तिथे औषधाने कळा आणल्या, त्यात दिवस गेला. भिंतीपलीकडून दुसऱ्या बाळांचं रडणं येई तेव्हा नर्स दार लावून घेई. संध्याकाळी सगळं झाल्यावर चिमी म्हणाली, मला बघायचंय. नर्सने लहानशा टॉवेलात गुंडाळून आणलं. मुलगा होता. आत्यानेही बघितलं.

"कपाळ आमच्या वडिलांसारखं होतं," जोडीताई मला नंतर म्हणाली. "राजेचं आहे तसंच. नखंसुद्धा आली होती हो." मग थोड्या वेळाने, "मी इतकी वर्षं कार्डं वर पाठवली. वर काय होतं ते बघायला कधी गेले नव्हते."

चिमी आठ-दहा दिवसांनी हिंडू-फिरू लागली. पहिल्यांदा घराबाहेर पडली ती नवऱ्याला घेऊन संस्थेत गेली. एकदा जागा सोडली की ती दुसऱ्याला देतात, पुन्हा नंबर कधी लागेल सांगता येत नाही, असं व्यवस्थापक बाईंनी तिला समजावलं. ती म्हणाली, द्या दुसऱ्याला. कागदांवर बहिणीची सही लागत होती, त्यासाठी तिने आत्याला फोन केला. आत्या तिथे गेली, सही केली. राजे तोवर टॅक्सीत पुढच्या सीटवर जाऊन बसले होते. टॅक्सी आमच्या इमारतीकडे न येता चष्म्याच्या दुकानामागच्या गल्लीत गेली.

"राजेंना तुझ्याकडे नको का आणायचं होतं?" मी जोडीताईला विचारलं.

"मी काय तोंडाने म्हणू, वहिनी?"

चिमी आत्याशी वाईट वागली असं मी म्हणणार नाही. फोन करी, औषधं आणून देई, निवृत्तीच्या दिवशी नवऱ्याला घेऊन हॉस्पिटलात आली आणि मागच्या रांगेत बसून टाळ्याही वाजवल्या. पण त्या दोघींमध्ये पूर्वीसारखं काही राहिलं नाही. चिमीला पुढे मूल झालं नाही. झालं नाही की होऊ दिलं नाही, हे मी कधी विचारलं नाही, आणि जोडीताईलाही माहीत नसावं. तिने तेही विचारलं नसणार.

दर रविवारी ती भावाला भेटायला त्यांच्याकडे जाई. राजेंना दुकानात काम मिळालं होतं. गिऱ्हाइकाचा नवा चष्मा डबीत जायच्या आधी मऊ कापडाने पुसायचा आणि उजेडाकडे धरून बघायचा. घाईतल्या गिऱ्हाइकालाही ते थांबवून ठेवत. "डाग आहे," म्हणत. नसला तरी म्हणत, असं जावई सांगे.

एका रविवारी तिने धीर केला. पाय दुखायला लागले होते, घर अंगावर येत होतं. तिने चिमीला विचारलं, राजेला आठवडाभर माझ्याकडे पाठवशील का.

"त्यालाच विचार," चिमी म्हणाली. "तो सांगेल ते."

राजे भिंतीशी बसून शेंगा सोलत होते. जोडीताईने त्यांना विचारलं, "येतोस का रे घरी? लिफ्ट आहे आपली."

राजेंनी विचार केला. त्यांना विचार करायला वेळ लागे आणि तेवढा वेळ ते हातातलं काम थांबवत.

"नको, ताई," ते म्हणाले. "चिमी मला कुठे नेत नाही."

संध्याकाळी परत आल्यावर तिने मला हे दारातच सांगितलं, आत यायच्याही आधी. राग नव्हता त्याच्या बोलण्यात, म्हणाली. कुणी पत्ता विचारला तर सांगावा तसं सांगितलं त्याने.

"लहान मुलासारखं मन त्यांचं," मी म्हटलं. "विसरतील हळूहळू."

"तो काही विसरत नाही, वहिनी. इमारतीतल्या प्रत्येकाचा मजला पाठ आहे त्याला अजून." तिने चपला काढल्या, सरळ लावून ठेवल्या आणि भिंतीचा आधार घेऊन उभी राहिली. "आणि खोटं काय बोलला? मी नेलंच ना."

तिने त्याला पुन्हा कधी विचारलं नाही. पाय चालत होते तोवर दर रविवारी दुपारच्या बसने जात राहिली. त्यांच्या ओल आलेल्या पुढच्या खोलीत बसायची, राजे काय सांगतील ते ऐकायची, आणि अंधार पडायच्या आत परत यायची.